कार्तिकी ठोंबरे, हजर

बोरजाईच्या शाळेत दोन मुलांची कट्टी झाली की ती एकमेकांना दिसेनाशी होतात. ऐकूही येत नाहीत. बाकीच्यांना ती दोघं व्यवस्थित दिसतात, फक्त एकमेकांना नाही. हे पूर्वीपासून चालत आलेलं आहे आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मुलांना बाकांवर बसवताना तेवढी काळजी घ्यावी लागते, नाहीतर एक जण दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो. कबड्डीत आपल्याला धरलं कुणी हेच न कळल्यामुळे बाद झालेला गडी हुज्जत घालतो. कट्टी एकट्याला घेता येते, करंगळी दाखवली की झालं. बट्टीला मात्र दोघं लागतात. एकानं पहिली दोन बोटं पुढं धरायची आणि दुसऱ्यानं आपली दोन बोटं त्यांना लावायची. स्पर्श कळतो, त्यामुळे जागा दाखवायला तिसरं कुणी असलं की काम होतं.

ऊर्मिला धुमाळ चौथीपर्यंत याच शाळेत होती, तेव्हा तिला हे सगळं माहीत होतं. पुढं ती शिकायला फार लांब गेली. तिथं भांडण झालेली माणसंसुद्धा एकमेकांना दिसत राहायची, आणि सुरुवातीला तिला त्याचा बराच त्रास झाला. शिक्षण संपवून ती परत आली ती एकच गोष्ट मनाशी धरून. लहान मुलांना करुणा आणि मैत्री शिकवायची. पाढे शिकवणारे पुष्कळ होते. तिसरीचा वर्ग तिला मिळाला आणि तिनं पहिला तास करुणेचा ठेवला. मुलांना गोल बसवून ती म्हणायची, "जे आपल्याला दिसत नाही, तेही कुणालातरी दुखत असतं." मुलं माना हलवायची. ती बोलायची तेव्हा तिचे डोळे चमकायचे आणि मुलांना ते आवडायचं.

पट तिच्या हातात तिसऱ्या दिवशी आला आणि तेव्हापासून हजेरीला अडचण यायची.

"कार्तिकी ठोंबरे," ऊर्मिला म्हणायची. मग जरा वेळ कुणीच काही बोलायचं नाही, आणि तिसऱ्या बाकावरून अल्फिया मुलाणी खणखणीत ओरडायची, "हजर!"

अल्फियाच्या शेजारची जागा रिकामी असायची.

पहिले काही दिवस ऊर्मिलानं ते मनावर घेतलं नाही. मग तिला संशय यायला लागला. हा कट्टीचा प्रकार नव्हता, हे उघड होतं. वर्गातल्या कुणाची कुणाशी कट्टी आहे ते तिला ठाऊक होतं आणि ती सगळी मुलं तिला नीट दिसत होती. जी दिसत नाही ती नाहीच. म्हणजे पटावर एक खोटं नाव होतं, तिच्या नावाची खिचडी रोज शिजत होती, आणि आठ वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला कुणीतरी शिकवलं होतं. तिला जास्त राग त्या शेवटच्या गोष्टीचा आला.

एकदा संशय घेऊन बघायला लागल्यावर सगळीकडे पुरावे होते. वर्गाबाहेर चपलांचा एक हिरवा जोड रोज जास्त असायचा. म्हणजे यांनी चपलासुद्धा आणून ठेवल्या होत्या. तपासायला आलेल्या वह्यांत कार्तिकीची वही असायची आणि तिची चुकलेली गणितं नेमकी तीच असायची जी अल्फियाची चुकलेली असत. म्हणजे दोन्ही वह्या एकच पोरगी लिहीत होती, वर अक्षर बदलून. एकदा ऊर्मिलानं आपली पिशवी त्या रिकाम्या जागेवर ठेवली तर ती खाली पडली. बाकसुद्धा सरळ नव्हता.

शिवाय अल्फिया तासभर कुजबुजत असायची. ऊर्मिला एक वाक्य बोलली की अल्फिया रिकाम्या जागेकडे तोंड करून पुटपुटायची.

"अल्फिया, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही, बाई."

"मग गप्प बस. दुसऱ्यांना ऐकू दे."

"तेच की," अल्फिया म्हणाली आणि वर्ग हसला. ऊर्मिलानं तिला उचलून पुढच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी संपूर्ण वर्ग अस्वस्थ होता. कुणी ना कुणी मागं वळून कुजबुजत होतं आणि करुणेचा तास वाया गेला.

तिनं मुख्याध्यापकांना गाठलं. पांढरे गुरुजी निवृत्तीला आलेले, सावध गृहस्थ होते.

"गुरुजी, ही कार्तिकी ठोंबरे आहे का खरंच?"

"आहे की."

"कुठं?"

गुरुजींनी ऊर्मिलाच्या थोडं बाजूला, खिडकीबाहेर मैदानाकडं पाहिलं आणि किंचित हसले. मग त्यांनी ऊर्मिलाकडं पाहिलं तेव्हा ते हसू गेलेलं होतं. आता तेच तिच्याकडं संशयानं बघत होते. "हे बघा बाई," ते म्हणाले, "दोघांच्या मधलं तिसऱ्यानं आपणहून बोलायचं नसतं, हा इथला रिवाज आहे. तुम्ही इथल्याच आहात. मी आणखी काय सांगू?"

यांना वाटा मिळतोय, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती ठोंबऱ्यांच्या वस्तीवर गेली. कार्तिकीची आई अंगणात शेळीला पाला टाकत होती. "घरात हाय की," ती म्हणाली आणि आत तोंड करून ओरडली, "ए कार्तिके! बाई आल्यात तुझ्या." ती जरा वेळ कान देऊन उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसत ओशाळी होऊन म्हणाली, "येत न्हाई म्हणती. लई हट्टी हाय, बाई. तुम्ही च्या तर घ्या."

ऊर्मिलानं चहा घेतला नाही. परत येताना तिला रडू येत होतं. अख्खं गाव एका खोट्या नावामागं उभं होतं, आणि याच गावाच्या मुलांना ती मन मोकळं करायला शिकवत होती. तिनं केंद्रप्रमुखांकडं रीतसर तक्रार केली.

केंद्रप्रमुख लोखंडे साहेब मोटरसायकलवरून आले. हेल्मेट काखेत धरूनच ते वर्गात शिरले आणि टेबलाशी उभे राहिले.

"कार्तिकी ठोंबरे."

शांतता. साहेब रिकाम्या जागेकडं बघत होते.

"शाब्बास. सहा सक किती?"

शांतता.

"बरोबर. बस खाली." ते ऊर्मिलाकडं वळले. "मॅडम, मुलगी हजर आहे. तरतरीत आहे. तुमची तक्रार नक्की काय आहे?"

हेही त्यातलेच, ऊर्मिलाच्या मनात आलं. "साहेब, तिथं कुणीही नाही," ती म्हणाली.

चार माणसांत कुणी घरातलं काही बोलून जावं तशी मुलं खाली बघायला लागली. साहेबांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"असं आहे होय," ते म्हणाले. "गुरुजी, तुम्ही सांगितलं नाहीत यांना?"

"ती यांनाच का दिसत नाही, हे यांनी विचारलं नाही," दारातून पांढरे गुरुजी म्हणाले. "आणि न विचारता कसं सांगायचं?"

"काय सांगायचं?" ऊर्मिलानं विचारलं. "कुणीतरी सांगा मला!"

"आता विचारलंय त्यांनी," साहेब मुलांना म्हणाले.

अल्फिया पुढच्या बाकावरून उठली. "बाई, तुमची कट्टी आहे. कार्तिकीशी. तिनं घेतलीय, शाळा सुरू झाली तेव्हाच."

"माझ्याशी? अगं, मी शिक्षिका आहे. शिक्षकांशी कुणी कट्टी घेतं का?"

"नियमात वय दिलेलं नाही," साहेब म्हणाले.

हिरव्या चपला ऊर्मिलाच्या डोळ्यासमोर आल्या. मग पडलेली पिशवी. "मग ती शिकते कशी? तिला मी ऐकू येत नसणार."

"मी सांगते की तिला," अल्फिया म्हणाली. "तुम्ही बोलला की मी बोलते. तुम्ही मला इथं बसवल्यापासून सगळेच सांगतात, पण ह्यांचं तिला समजत नाही. गडबड करतात."

"ए, आम्ही नीट सांगतो," मागून एक मुलगा म्हणाला.

साहेबांना तोपर्यंत वेगळीच काळजी लागली होती. त्यांनी ऊर्मिलाची तक्रार काढली. "मॅडम, हे तुम्ही लेखी दिलंय. आता याचा निकाल लावावा लागेल. विद्यार्थिनीला प्रत्यक्ष पाहिलं, असं वर्गशिक्षकानं सही करून द्यायचं. मी पाहिलं, गुरुजींनी पाहिलं, ते चालत नाही. तुमची सही नसेल तर आज नाव कमी होईल. मग तिला घाटाखालच्या शाळेत घालावं लागेल, आणि ठोंबरे काही तिला तिथं पाठवत नाही. मी ओळखतो त्याला. शेळ्यांमागं जाईल पोरगी." त्यांनी घड्याळात पाहिलं. "तेव्हा बट्टी करून टाका."

"अल्फिया," ऊर्मिला म्हणाली, "विचार तिला, कट्टी का घेतली?"

अल्फिया तिसऱ्या बाकाजवळ गेली, वाकली, ऐकत राहिली. "ती म्हणती, चला दाखवते."

साहेबांनी हेल्मेट उचललं आणि सगळे मैदानात गेले. अल्फिया पुढं, रिकामा हात थोडा बाजूला धरून, कुणाचातरी हात धरल्यासारखी. कोपऱ्यात जिथं खडी पसरली होती तिथं ती थांबली.

"इथं टिटवीची अंडी होती. ती म्हणती, चार होती. खड्यासारखीच दिसतात, म्हणून नीट बघावं लागतं. पहिल्या दिवशी तिनं तुमची ओढणी ओढली, सांगायला. तुम्ही गुरुजींशी बोलत होता. तुम्ही बघितलंच नाही. म्हणालात, थांब, नंतर."

ऊर्मिलाला ओढणी ओढलेली आठवत होती. चेहरा आठवत नव्हता, कारण तो तिनं पाहिलाच नव्हता.

"मग दुसऱ्या दिवशी तुम्ही करुणेचा तास इथं घेतला. डोळे मिटून एकमेकांचा हात धरून चालायचं, असा." अल्फिया पुन्हा वाकली, ऐकलं. "टिटवी वरनं ओरडत होती. कार्तिकी म्हणती, तुम्ही म्हणालात, तो पक्षी हाकला रे, मुलांचं लक्ष जातंय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. खडी सगळीकडं सारखीच दिसत होती.

इतकं होऊनही ऊर्मिलाच्या मनात तो विचार येऊन गेलाच, की हे सगळे मिळून आपल्याला बनवताहेत. आपण बोटं पुढं करू आणि हे हसतील. तिनं एकेका चेहऱ्याकडं बघितलं. हसत कुणीच नव्हतं, पण हसण्याआधीचे चेहरेही असेच असतात. मग तिनं हाताची पहिली दोन बोटं जुळवली आणि समोर धरली.

"थोडं खाली, बाई," अल्फिया म्हणाली. "ती लहान आहे."

तिनं हात खाली नेला.

"अजून."

ती खडीवर गुडघे टेकून बसली. बोटांना वारा लागत होता. मुलं भोवती उभी होती आणि समोरची तेवढी जागा सोडून उभी होती. तिनं किती वेळ हात धरला कुणास ठाऊक. खांदा भरून आला.

अल्फियानं ऐकलं. मग अवघडून म्हणाली, "बाई, ती म्हणती, नंतर."

साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, मला निघायला हवं. काय लिहू? पाहिलं का तुम्ही मुलीला?"

ऊर्मिला समोरच्या मोकळ्या जागेकडं बघत होती. तिथं खडी होती, एक प्लास्टिकचा कागद होता आणि खरोखरच कुणी नव्हतं.

"पाहिलं," ती म्हणाली. "हिरव्या चपला आहेत तिच्या. सही करते मी. आणा तो कागद इकडं, साहेब."

साहेबांनी मान डोलावली, कागद खिशात घातला आणि हेल्मेट चढवलं. जाता जाता ते रिकाम्या जागेला म्हणाले, "वाचलीस बरं का." मग काहीतरी ऐकून हेल्मेटच्या आत हसले. काय ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अल्फिया तिसऱ्या बाकावर परत गेली. करुणेचा तास आता शेवटी आणि छोटा झाला. मधल्या सुट्टीत ऊर्मिला खडीच्या कोपऱ्यात गुडघे टेकून दोन बोटं पुढं धरून बसायची आणि मुलं खांबाला वळसा घालावा तशी तिला वळसा घालून खेळायची. घंटा झाली की अल्फिया येऊन सांगायची, "नंतर म्हणती." ऊर्मिला गुडघे झटकून वर्गात जायची. शिकवताना ती एक वाक्य बोलून थांबायची. अल्फियाचं सांगून झालं की पुढचं वाक्य. त्यामुळे तिसरीचा अभ्यास बाकीच्या वर्गांच्या मागं पडला, आणि गुरुजींनी त्याबद्दल एकदा तिला टोकलंही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी ऊर्मिला फळ्यावर भागाकार लिहीत होती. अल्फिया त्या दिवशी तापानं घरी होती. मागून ओढणीला हिसका बसला.

ऊर्मिलानं मागं वळून बघितलं नाही, बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. गणित अर्धं टाकून, हातात खडू तसाच धरून, ओढणी ओढली जाईल तिकडं ती चालू लागली. दाराबाहेर हिरव्या चपला होत्या. बघता बघता आधी एक आणि मग दुसरी दिसेनाशी झाली. मग ओढणी पुन्हा ताणली गेली. या वेळी मैदानाकडं नाही, शाळेमागं पाण्याच्या टाकीकडं. वर्गात मुलं वह्या मिटून खिडकीशी गोळा झाली.

"सावकाश चला, बाई," एकानं आतून ओरडून सांगितलं. "पायाखाली बघा."

ऊर्मिला पायाखाली बघत चालत राहिली.