पत्र्याच्या डबीतला पासपोर्ट

मकबूलचाचांना ओटीपी विचारला, की ते आधी दुकानाबाहेर जाऊन रस्ता दोन्ही बाजूंनी बघून येतात. मग पहिले तीन आकडे माझ्या कानात सांगतात, उरलेले तीन खडूनं पत्र्याच्या तुकड्यावर लिहून दाखवतात आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसतात. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. मग पुन्हा पहिल्यापासून.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि समोर चाचांचं पत्र्याच्या पेट्यांचं. भूकंपानंतर शेडमध्ये राहणाऱ्या लोकांसाठी त्यांनी पेट्या ठोकल्या, पुढे क्लासेस वाढले तशा होस्टेलच्या पोरांसाठी. कागदपत्रांचा चोरकप्पा प्रत्येक पेटीत फुकट, गिऱ्हाइकानं मागितला नाही तरी. "हवेला कान हायत, भाऊ," हे वर.

या संशयाचं मूळ त्यांच्या मुलीच्या दहावीत आहे. शबानाचा निकाल चाचांना कळायच्या आत तीन क्लासवाल्यांनी फोन करून अभिनंदन केलं होतं. "माझा नंबर ह्यांना दिला कोनी?" असं ते आजही विचारतात. प्रश्न रास्त आहे, हे मान्य करावं लागतं.

शबाना आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिला सातवा महिना लागला. आई हयात नाही, सासूबाईंना गुडघ्यांमुळे हलता येत नाही. "अब्बा, तुम्हीच या," म्हणाली. मी फॉर्म भरला, पासपोर्ट आला, आणि तो निघाला चिपवाला, तार न जोडता यंत्राशी बोलणारा. माझ्या डोक्याला ताप सुरू झाला तो इथून.

"ह्याच्यात रेडिओ हाय?" चाचांनी पासपोर्ट बोटांच्या चिमटीत धरून विचारलं.

"रेडिओच म्हणा. यंत्राजवळ धरला, की तुमची माहिती सांगतो."

"कुनाच्याबी यंत्राजवळ?"

"तसं नाही हो. आधी आतल्या पानावरचे आकडे यंत्रानं वाचायचे, मगच चिप उघडते. ते आकडे म्हणजे किल्ली."

"म्हंजे कुलूप अन् किल्ली एकाच पेटीत?" चाचा म्हणाले. "असली पेटी मी विकली तर लोक मला मारतील."

आजवर शेकडो लोकांचे फॉर्म भरले, पण ही शंका मला कधी शिवली नव्हती.

त्याच दिवशी चाचांनी चालू ट्रान्झिस्टर एका मोठ्या पेटीत ठेवून झाकण लावलं. गाणं थांबून नुसती खरखर उरली. चाचा खूश. मग पासपोर्टाच्या मापाची डबी केली, बिजागरी आणि कडीसकट. मग जरा मोठी डबी करून तीत मोबाईल ठेवला आणि मला फोन लावायला सांगितलं. डबीतून रिंग वाजली. चाचांचं तोंड उतरलं. पंधरा दिवसांत त्यांनी सहा झाकणं बदलली. तेवढ्यात गल्लीतल्या लोकांनी एटीएम कार्डासाठी डब्यांच्या ऑर्डरी दिल्या, हे वेगळंच.

व्हिसा मिळाला, विमान आठ दिवसांवर आलं आणि चाचांनी जाहीर केलं, "मी जाऊन न्हाई राहिलो. झाकनाला फट हाय."

शबानाचा मला फोन आला. रडत होती. "भाऊ, एका चिपपायी अब्बा येणार नाहीत?" मला खरंच राग आला. त्या तिरमिरीत मी रस्ता ओलांडला. भर दुपारी चाचांचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो.

चाचा पाटावर पाय लांब करून बसले होते. नडग्यांवर ओल्या टॉवेलची बाळाएवढी गुंडाळी, वरच्या टोकाला दोरी बांधून मान केलेली. त्यावर ते तांब्यानं पाणी घालत होते. शेजारी सुभद्रामावशी बसली होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झालीत.

"मान धर की, मान!" ती खेकसली. "डबा न्हाई घासून राहिला तू!"

मला पाहून चाचा टॉवेल लपवायला लागले. मग सोडून दिला.

"बाळंतपनाला माय जाती, भाऊ," ते हळूच म्हणाले. "बाप जाऊन काय करनार? हे हात पत्रा ठोकायचे. लेकराची मान निसटली माझ्या हातून, तर?"

"आणि चिप?"

"चिपचंबी भ्या हाय. पन ह्याचं लई हाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. उलट स्वतःचीच लाज वाटली. "शबानाला सांगितलंत हे?"

"कसं सांगू? म्हनंल, अब्बा घाबरला."

"रोज येऊन राहिला हा," मावशी म्हणाली. "आता हात बसला त्याचा. माझं नातवंड देईन मी ह्याच्याजवळ."

मी काही न विचारता शबानाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चाचांपुढे धरला. त्यांनी एकदा शटरकडे पाहिलं. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "बेटी, बच्चे को नहलाना सीखरूं मैं. डर लगरा. फिर भी आरूं."

पलीकडून शबाना नाक ओढत म्हणाली, "अब्बा, मेरेको भी नै आता. गर्दन कैसी पकडते, बताओ ना."

चाचांनी टॉवेल उचलून पुन्हा पायांवर घेतला आणि मानेखाली तळहात ठेवला. "देख, ऐसी."

"फिरसे," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाखवलं.