विझलेला सिग्नल

आमच्या समोरच्या ओट्यावरचा बल्ब रोज सकाळी बरोबर सहा वाजता लागायचा आणि चार आकडे मोजून झाले की विझायचा. तीन नाही, पाच नाही, चार. मी दात घासता घासता मोजलेले आहेत. मग बल्बखाली उभा असलेला माणूस मिनिटभर गल्लीच्या कोपऱ्याकडे बघायचा आणि आत जायचा. उन्हाळ्यात लख्ख उजाडलेलं असलं तरी हा कार्यक्रम चुकायचा नाही.

"एक स्क्रू ढिला आहे," मी बायकोला म्हणायचो.

"कुणाचे सगळे घट्ट असतात?" सुमन म्हणायची आणि उगाचच माझ्याकडे बघायची.

बल्बखालचा माणूस म्हणजे आप्पा कोकरे. मालगाडीचे रिटायर ड्रायव्हर. दौंडात रेल्वेवाले पैशाला पासरी, पण आप्पांसारखा दुसरा नाही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. "बापानं दोनशे मेंढरं हाकली, म्या पन्नास डबं हाकलं. फरक काय? मेंढरं मागं बघत्यात तरी," असं ते सांगायचे. आदल्या वर्षी त्यांची बायको, आमची सगळ्यांची आक्का, गेली. मुलगा नागपूरला, दर रविवारी फोन. तेव्हापासून आप्पा घरात एकटे. सत्तरीचा माणूस एकटा राहतो म्हणजे खरं तर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. पण सुमन संध्याकाळी भाजीची वाटी पाठवायची, तेवढ्यावर आमचं शेजारपण भागत होतं.

माझी ओळख करून द्यायची तर मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. कितव्या खेपेला, ते विचारू नका. आप्पा मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय डिप्लोमा, जेवलास का?" हीच हाक, तीही गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी.

आणि मग मी गाडी घेतली. सेकंडहँड, निळी, वरवंडच्या एका गृहस्थाकडून. गृहस्थ म्हणाला, "बघा साहेब, चालवून बघा. एक लाल दिवा लागला तर गाडी परत." मी चौफुल्यापर्यंत चालवली. एकही लाल दिवा लागला नाही. मी खूश. डिप्लोमावाल्या माणसाला फसवणं इतकं सोपं असतं, हे त्या गृहस्थाला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी हार घातलेल्या गाडीभोवती आप्पा दोन फेऱ्या मारून आले. टायरला लाथ नाही, बॉनेटवर हात नाही. सरळ पुढच्या सीटवर बसले.

"चावी लाव. इंजिन चालू करू नगंस. निस्तं दिवं पेटव."

मी चावी अर्धी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. आप्पांनी बोटाने हवेत मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"तेलाचा कुठं हाय?"

आता खोटं कशाला बोलू, डॅशबोर्डवरचं ते तेलाच्या झारीचं चित्र मला चहाची किटली वाटायचं. मी म्हणालो, "लागतच नाही आप्पा. म्हणजे तेल एकदम ओके."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप ताठ बसलो. "आरं डिप्लोमा, चावी लावली की सगळ्या दिव्यांनी हजेरी द्यायला पायजे. मी हाय, मी हाय, म्हणून. मंग इंजिन चालू झालं की विझायचं. ज्यो हजेरीलाच न्हाई, त्यो उद्या सांगंल कसा? रेल्वेत रूल हाय. सिग्नल लाल असला तर लाल. पर विझलेला असला तरी त्यो लालच धरायचा. उभं ऱ्हायचं."

"पण आप्पा, ही गाडी आहे, मालगाडी नाही."

"व्हय. मालगाडीच्या ड्रायव्हरला अक्कल लागती."

मिस्तरीने डॅशबोर्ड उघडला तर किटलीच्या मागे बल्बच नव्हता. वरवंडच्या गृहस्थाने उपटून ठेवला होता. मिस्तरीने नवा बसवला, आणि तिसऱ्या दिवसापासून इंजिन गरम झालं की किटली लुकलुकायला लागली. मला आप्पांचाच राग आला. बल्ब नव्हता तोवर गाडी धडधाकट होती. ह्या म्हाताऱ्याने बल्ब काय बसवायला लावला, गाडीला आजार लावून दिला! माझं हे तर्कशास्त्र मी ऑफिसात चार जणांना ऐकवलं. चौघांनाही पटलं. सगळे डिप्लोमावालेच होते.

आप्पा मात्र रोज सकाळी बल्बचा कार्यक्रम उरकला की गाडीपाशी हजर. "ऑइलचं प्रेशर पडतंय. मिस्तरीकडं टाक. पिवळा असता तर म्हणलो असतो, हळू जा. लालला हळू जायचं नसतं, थांबायचं असतं."

"येत्या रविवारनंतर टाकतो."

रविवारी शिरूरला माझ्या मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. ह्या मेहुण्याने आमच्या लग्नानंतर प्रत्येक भेटीत मला एकच प्रश्न विचारलेला होता, "दाजी, एसटीला गर्दी होती का?" इतकी वर्षं साठवलेलं उत्तर आता निळ्या रंगात दारासमोर उभं होतं. ते मिस्तरीकडे टाकून मी पुन्हा एसटीने जाऊ? शक्यच नाही.

निघालो. पाटस गेलं, वरवंड गेलं. वरवंडला त्या गृहस्थाच्या नावाने मी हॉर्नही वाजवला. चौफुल्याला उजवीकडे वळलो आणि न्हावऱ्याच्या अलीकडे किटली पेटली. लुकलुकली नाही. पेटली ती पेटलीच.

"अहो, लाल लागलाय," सुमन म्हणाली. "आप्पा म्हणाले होते, थांबायचं."

"आप्पांना काय जातंय सांगायला! जवळच आलंय आता शिरूर."

"पण डोळ्यासमोर लाल लागलाय तो."

तो लाल दिवा मलाही धड गाडी चालवू देईना. सारखं लक्ष तिथेच. मग मी माझ्या आयुष्यातलं एकमेव मेकॅनिकल संशोधन केलं. म्हणालो, "तुझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट आहे ना? त्यातली सगळ्यात मोठी दे."

सुमनने माझ्याकडे बघितलं, एक मरून रंगाची टिकली काढली आणि माझ्या बोटावर ठेवली. मी ती दिव्यावर चिकटवली. बरोबर बसली, तिथे टिकली लावायची जागाच असल्यासारखी.

"झाली बाई तुमची किटली सवाष्ण," सुमन म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढची दहा मिनिटं मी फार सुखात गाडी चालवली. मग इंजिनात कुणीतरी खलबत्त्यात वेलदोडे कुटतंय असा आवाज सुरू झाला, मग वेलदोड्यांऐवजी दगड, आणि मग एकदम सगळं शांत. गाडी जिथल्या तिथे जाम.

कारखान्यावर ऊस टाकून परत निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला. "कुठं न्यायची पाव्हणं?"

"शिरूर. सासुरवाडीला," मी म्हणालो.

त्याने दोर बांधताना माझ्याकडे फार दयेने बघितलं. "मंग सावकाश नेतो."

मांडवासमोर सगळे नातेवाईक उभे असताना पुढे ट्रॅक्टर, मागे रिकामी ट्रॉली आणि तिच्या मागे दोराला बांधलेले आम्ही, अशी आमची मिरवणूक पोचली. मेहुणा नारळ हातात घेऊन बघतच राहिला. "दाजी, ड्रायव्हर ठेवला का? तोही ट्रॅक्टरसकट?" त्यापेक्षा एसटीची गर्दी बरी होती. सासूबाईंनी आत डोकावून ती टिकली बघितली आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, "किती भक्तिभावानं पूजा केलीय गाडीची!" सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली.

इंजिन महिनाभर खोलून पडलं होतं. आता आप्पा मला गल्लीत सोलून काढणार, अशी माझी खात्री होती. पण ते आले, टिकलीची हकिगत सुमनकडून पूर्ण ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघं धड हाईत न्हवं? बास मंग." जाताना दारात थांबले. "टिकली मोठी व्हती का?" आणि खांदे हलवत गेले. त्यांच्या ओट्यावरून बराच वेळ हसू ऐकू येत होतं. आक्का गेल्यापासून पहिल्यांदाच.

थंडीचे दिवस आले. गाडी दुरुस्त होऊन दारात लागली होती. एका सकाळी मी दात घासत खिडकीत उभा होतो. सहा वाजले. समोरचा बल्ब लागला नाही. सहा-पाच झाले. नाही लागला.

"सुमन, आप्पांचा बल्ब गेला वाटतं."

"झोपले असतील हो. थंडी किती आहे."

"असेल." मी चूळ भरली, दाढी उरकली. साडेसहाची कंपनीची बस पकडायची होती. शर्टाची बटणं लावली. चौथ्या बटणाशी माझा हात थांबला. डोळ्यासमोर ती टिकली आली. लाल दिवा झाकणारा मी, आणि आता विझलेल्या दिव्याला 'बल्ब गेला' म्हणणाराही मीच. विझलेला असला तरी त्यो लालच धरायचा.

मी तसाच चपला न घालता धावलो. पुढच्या दाराला आतून कडी. मागे गेलो. न्हाणीचं दार उघडं होतं आणि आप्पा ओल्या फरशीवर आडवे पडले होते, बादली कलंडलेली, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. थंडीने त्यांचे दात वाजत होते. भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं.

"किती वाजलं?" आप्पांनी विचारलं.

"सहा... सहा वीस."

"वीस मिनिटं लेट," ते म्हणाले आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते सोडेचनात.

शेजारच्या दोघांनी आणि मी त्यांना चादरीत उचलून गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. सुमनने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी घाईघाईने चावी फिरवणार, तेवढ्यात मागून कण्हत आवाज आला, "आरं डिप्लोमा, दिवं बघ आधी."

आणि मी बघितले. देवाशप्पथ. बॅटरी हाय, हँडब्रेक हाय, किटली हाय. मी मोठ्याने चारपर्यंत मोजलं, आणि मागून आप्पाही माझ्याबरोबर मोजत होते. मग गाडी चालू केली.

खुब्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "आप्पा, तो बल्ब रोज कशासाठी लावता?"

ते छताकडे बघत बोलले. "ड्युटीवरनं यायचो ना, पहाटं. कोपऱ्यावरनं मी ब्याटरी दावायचो. आक्का ओट्यावरचा दिवा लावायची, चार मोजायची आन् घालवायची. गाडीत ड्रायव्हर आन् गार्ड दावत्यात तसं, ऑलराइट म्हणून. म्हंजी मागनं सगळं ठीक हाय, चल. कवा चुकली न्हाई बघ ती. आता तिची ड्युटी म्या करतो. पर कोपऱ्यावरनं कुणी दावत न्हाई. ठावं हाय मला, न्हाई दावणार. तरी बघतो." मग थांबून म्हणाले, "पडल्यावर वाटलं, दिवा न्हाई लागला हे कुणाच्या ध्यानात यायचंय?"

वर्षभर रोज सकाळी तोंडात ब्रश घालून मी त्या माणसाला हसत होतो, ह्याची मला लाज वाटली. खरी लाज वाटली.

पुढच्या महिन्यात आप्पा काठी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच मी स्वेटर घालून गाडी काढली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, घराकडे तोंड करून उभी केली. सहा वाजले. ओट्यावर बल्ब लागला. मी चावी लावली, दिव्यांची हजेरी घेतली आणि हेडलाइट पेटवले. एक, दोन, तीन, चार. घालवले.

आप्पा काठीवर रेलून कोपऱ्याकडे बघत राहिले. किती तरी वेळ. मी गाडी घेऊन त्यांच्यासमोर आलो, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"डावा दिवा मंद हाय," ते म्हणाले. "बघून घी."

कामावरून परत आलो तेव्हा त्यांच्या ओट्यावरचा बल्ब अजून जळत होता. मी तसाच तिकडे वळलो. पण सुमन म्हणाली, "मी दोनदा जाऊन आले, ठणठणीत आहेत. म्हटलं, आप्पा, सकाळपासून दिवा तसाच राहिलाय. तर म्हणाले, ऱ्हाऊ दी गं आज."