फणसेकाकांचा थर

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर झाला : तळमजल्यावरच्या फणसेकाकांनी आरशातून दुसऱ्याच्या घरात ऊन पाडू नये. विरोधात एकच मत पडलं. ते फणसेकाकांचं होतं.

घटना अशी. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर ऊन येत नसे आणि काकांना ते गॅलरीत हवं होतं. म्हणून ते काकूंच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा काढून कुंपणाच्या भिंतीवर उभा करत. त्या दिवशी वाऱ्याने आरसा मागे कलला आणि कवडसा दुसऱ्या मजल्यावर दाढी करणाऱ्या साठ्यांच्या डोळ्यांत गेला. साठे सभेला अर्ध्या मिशीनिशी आले.

काका ठाण्याच्या एका कॉलेजातून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. लोणच्याच्या काचेच्या बरणीत मोरचुदाचं निळं पाणी, त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या आणि ट्रान्झिस्टरच्या एलिमिनेटरमधून आलेली वीज, एवढी त्यांची प्रयोगशाळा. एका पट्टीवर तांब्याच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ लाल थर चढे. चढत असताना वर ऊन पडलं तर थर घट्ट बसतो, असं काकांचं म्हणणं. पुढेमागे अशा पट्ट्या गच्चीवर उन्हात टाकून त्यांच्या विजेवर जिन्यातले दिवे लागतील, असंही.

"काका, गंज चढवताय काय?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "गंज आपोआप चढतो. थर बसवावा लागतो."

हे त्यांचं सर्व प्रश्नांवरचं उत्तर होतं. नव्या सुनेचं सासूशी पटत नाही? "थर बसू दे." नळाला गढूळ पाणी येतंय? "थर बसू दे, मग वरचं प्या."

द्रावणाला लॅक्टिक ॲसिड लागे. ते मिळेना तेव्हा काकांनी आंबट दही घातलं. वास गच्चीपर्यंत गेला. साठ्यांनी तेव्हाही सभा मागितली होती.

थराची परीक्षा सेलोटेपने व्हायची. टेप चिकटवून खसकन ओढायची. थर पट्टीवर राहिला तर पास. तो नेहमी टेपवर यायचा. काका टेप उजेडात धरून म्हणत, "बसलाय. फक्त जागा चुकली." नापास पट्टी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाई. तिथे ते ती चिंच आणि मिठाने घासून लख्ख करत आणि पुन्हा बरणीत सोडत.

काकू खुर्चीत बसून असत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असे. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, त्याला त्या शिवत नसत. जीभ शाबूत होती.

"आरसा माझ्या बाबांनी मला दिलाय, मोरचुदाला नाही."

"अगं, तू आरशाशिवायही छान दिसतेस."

"हो का? टेप लावून बघा एकदा."

दसऱ्याच्या सुमारास एक पट्टी पास झाली. टेप कोरी निघाली. काकांनी मला साक्षीला बोलावून पुन्हा ओढून दाखवली. त्यांचा एक जुना विद्यार्थी संशोधन संस्थेत होता. तो येत्या रविवारी पट्टी मोजमापासाठी नेणार होता. तशी दुसरी काकांना जमली नव्हती. पास झालेली पट्टी त्यांनी देवघरात ठेवली.

रविवारी सकाळी त्यांनी ती एकदा पाहायला बाहेर काढली. तेवढ्यात विद्यार्थ्याची रिक्षा नाक्यावर रस्ता चुकल्याचा निरोप आला. काका पट्टी ओट्यावर ठेवून धावले.

ते विद्यार्थ्याला घेऊन परतले तेव्हा मी दारात होतो. काकू ओट्याशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. पुढ्यात चिंचेचा चोथा होता. पट्टी नव्या पैशासारखी चमकत होती.

"एक राहिली होती ओट्यावर," काकू म्हणाल्या. "म्हटलं, पाहुणे यायचेत, तुमचं तेवढंच काम हलकं."

विद्यार्थी चपला काढायचा थांबला. काकांनी पट्टी उचलली.

"कुठल्या हाताने घासलीस?"

"ह्या." काकूंनी उजवा हात वर केला. बोटांना चिंच लागली होती.

"सर," विद्यार्थी हळूच म्हणाला, "थर कुठाय?"

"थराचं राहू दे रे. आधी ही बघ," काका म्हणाले. "कोपरे बघ. कोपऱ्यातसुद्धा काही ठेवलं नाही हिने."

विद्यार्थ्याने पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. चांगली निघाल्याचं सांगितलं. चहा घेतला आणि तो रिकाम्या हाताने परत गेला.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. काकूंना घासायला एखादं तांब्याचं भांडं आहे का, असं त्यांनी आईला विचारलं. आईने ताम्हण दिलं. काकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, याहून मोठं काही?"

आईने माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून दिला.