मिरवलीच्या उडीत वाळू कुणी कालवली?

ताश्कंद शहरात तीक्ष्ण नजरेची माणसं दोन. एक मी, आणि दुसरा जो कोणी असेल तो अजून माझ्या नजरेस पडलेला नाही. नाव हमदम मिर्सादिकोव. लोक आदराने हमदम-अका म्हणतात. माझी पाठ वळली की आणखीही काही म्हणतात, तेही मला ठाऊक आहे, कारण कानसुद्धा तितकेच तीक्ष्ण. वरवर पाहणाऱ्याला मी दिव्यांग खेळाडूंच्या मैदानाचा दारवान दिसतो. पण दारवानकी हे निव्वळ सोंग. आतून मी गुप्तहेर. हे गुपित मी मैदानावरच्या प्रत्येकाला स्वतः सांगून ठेवलेलं आहे, म्हणजे ऐनवेळी गोंधळ नको.

मागच्या स्पर्धेत इराणी संघाच्या एका व्हीलचेअरचं चाक चोरीला गेलं, असा संशय मला आला होता. दिवसभर तपास केला. चाक शेवटी खुर्चीलाच लावलेलं सापडलं. पण ते तिथेच आहे हे सिद्ध कुणी केलं?

माझी सहाय्यक मुयस्सर. ही बसून गोळा फेकते, आशियाई पदकं गळ्यात पडून पडून हिची मान दुखते, आणि माझ्या फाटकाची गंजलेली कडी ही एका हाताने उघडते. सहाय्यकपदी तिची नेमणूक मी केली. तिचं म्हणणं, मी फक्त चहा प्यायला येते, कारण खुर्ची नेता येईल असा उतार एवढ्या एकाच खोलीला आहे. सहाय्यकाने इतकं विनयशील असू नये.

तर स्पर्धेच्या दोन दिवस आधी अंबर माझ्या खोलीवर आली. म्हणजे आली होती ती मुयस्सरकडे, पण मध्ये मी होतो. अंबर ही एश्मत-अकांची मुलगी, आणि एश्मत-अका हे मिरवलीचे हाकारे. आता मिरवलीला कोण ओळखत नाही? जन्मापासून पूर्ण अंध, आणि लांब उडीत आशिया खंड पालथा घातलेला. तो धावतो ते एश्मत-अकांच्या आवाजावर. ते उडीच्या पट्टीपाशी उभे राहून टाळ्या पिटत ओरडतात, हा पठ्ठ्या त्या आवाजाच्या रोखाने सुसाट सुटतो, आणि ते ऐनवेळी बाजूला उडी टाकतात. वर्षानुवर्षं चाललंय, आणि आजवर दोघांपैकी कुणाचाही दात पडलेला नाही.

गेल्या महिन्यात मिरवली आणि अंबर यांची रोटी मोडली. आमच्याकडे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मिळून रोटी मोडली की सोयरीक पक्की. आणि नेमकी त्या दिवसापासून मिरवलीची उडी बिघडली. कधी पट्टीच्या कितीतरी आधीच उडतो, कधी पट्टी ओलांडून सरळ वाळूत धावत जातो, सुटलेल्या बसमागे धावावं तसा. मिरवलीची आई, सालिहा-खाला, आधी गप्प होती. मग म्हणायला लागली की मुलीचा पायगुण बरा दिसत नाही. आता तिने सांगून टाकलं होतं, रविवारी अंतिम फेरीत पोरगा आपटला, तर सोयरीक मोडली समजा.

हे सांगता सांगता अंबर रडायला लागली. मुयस्सरने तिच्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाली, "या पायगुणाच्या भानगडीत आपण सुखी. आमचे पायच हलत नाहीत, दोष कुणाला देणार?" अंबर रडता रडता हसली. मी मात्र हसलो नाही. मी टोपी घातली. टोपी घातली की माझी बुद्धी गरम राहते.

पहिला संशय वाळूवर. मी खड्ड्यातली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि क्षणात ओळखलं की ही परकी वाळू आहे. कुणीतरी रात्रीतून बदललेली. मैदानाच्या माळ्याने सांगितलं की तिथे सकाळी मांजर बसलं होतं. त्यानंतर मी वाळूचा मुद्दा ताणला नाही.

दुसरा संशय बुटांवर. मिरवलीचे बूट मी तपासले आणि डावा बूट उजव्यापेक्षा वेगळा असल्याचं उघडकीला आणलं. मिरवली म्हणाला की उजवाही डाव्यापेक्षा वेगळाच असतो, बुटांची ती जुनी खोड आहे.

तिसरा संशय मात्र पक्का होता. ओराझ. कझाक संघाचा हा उडीवीर, हाही पूर्ण अंध, दरवर्षी मिरवलीकडून हरतो. हेतू तयार, संधी तयार. शिवाय तो घोड्याच्या मांसाचं सॉसेज कायम खिशात बाळगतो. माझं अनुमान असं, की आंधळा माणूस नाकाने चालतो. ओराझ मैदानाच्या डाव्या अंगाला सॉसेज खात बसतो, वास सुटतो, आणि मिरवली भरकटतो. मी हे मुयस्सरला समजावून सांगितलं.  ती म्हणाली, "हमदम-अका, सॉसेजने माणूस भरकटत असता तर तुमच्यासारखा खवय्या सकाळी फाटकावर सापडला नसता."

शेवटी शनिवारी मी स्वतःवर प्रयोग करायचं ठरवलं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि एश्मत-अकांना सांगितलं, मला बोलवा. मिरवली कडेला बसून खजूर खात होता. म्हणाला, "बरं झालं. आंधळ्या कोशिंबिरीत आजवर कायम माझ्यावरच राज्य."

एश्मत-अका सभ्य माणूस. टाळ्या वाजवत बोलवू लागले, "यावं, हमदम-अका, यावं. यावं, यावं." मी वाऱ्यासारखा सुटलो. पायांचा ताल काही जमेना, पावलं तुटक पडायला लागली, आणि मी पट्टी, वाळू, मोजणीची काठी आणि मोजणारा मनुष्य हे सगळं पार करून उंच उडीच्या गादीत जाऊन पडलो. उठल्यावर मी जाहीर केलं की ज्याअर्थी माझ्यासारखाही भरकटला, त्याअर्थी घातपात सिद्ध झाला. ओराझचं सॉसेज शनिवारी खोलीवर राहिलं होतं ही बारीकशी अडचण होती, पण मोठ्या तपासात असल्या गोष्टींकडे कानाडोळा करावा लागतो.

रविवार उजाडला. पाहुण्या देशांचे झेंडे, ढोल, पुढच्या रांगेत सालिहा-खाला आणि तिच्यामागे सगळं गणगोत. अंबर कठड्यापाशी एकटीच उभी. मिरवलीच्या वेळी आख्खं मैदान गप्प झालं, कारण या उडीत प्रेक्षकांनी चिडीचूप राहायचं असतं, नाहीतर खेळाडूला आवाज कुठून येतोय कळत नाही. पहिली उडी लाल झेंडा. दुसरी लाल झेंडा. तिसरी कशीबशी वैध, पण इतकी तोकडी की मुयस्सर म्हणाली, एवढं तर मी खुर्चीसकट उडेन. तेवढ्यावर तो शेवटच्या फेऱ्यांत जेमतेम टिकला. तिथेही लागोपाठ दोन लाल झेंडे.  सालिहा-खालाने फक्त रुमाल नीट केला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आता शेवटची एक उडी उरली होती. मी सरळ ओराझपाशी गेलो आणि त्याला अटक झाल्याचं सांगितलं. तो सर्वांत पुढे होता, आरामात पाय पसरून बसला होता.

"कशाबद्दल?"

मी सॉसेजपासून सगळं मांडलं. त्याने ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "त्या एश्मतला काय झालंय? इतकी वर्षं ऐकतोय, तो त्याला 'ये गाढवा, ये, ये' असं हाकलत आणायचा. ये म्हटलं की एक पाऊल, ये म्हटलं की एक पाऊल. आज 'यावं, यावं' चाललंय. एका पावलाच्या जागी दोन ठोके. पोरगा पाय टाकणार कुठे? घरात कुणी मेलंय की लग्न ठरलंय?"

मुयस्सरने कपाळावर हात मारला. "जावई झाला ना तो. जावयाला अरे-तुरे कसं करणार?"

ओराझ म्हणाला, "मला त्याला हरवायचंय. पाहुणचार चाललेल्या नवरदेवाला हरवून काय मिळवलं?"

मी लगेच सांगितलं की माझाही संशय याच दिशेला चालला होता. मुयस्सरची खुर्ची तोवर कठड्यापाशी पोचली होती. एश्मत-अकांना बोलावून घेतलं.  त्यांनी मान्य सगळं केलं, पण ऐकेनात. समोर विहीणबाई बसलेल्या, सगळे सोयरे बसलेले, आणि त्यांच्यादेखत नवरदेवाला एकेरीत हाक मारायची? जावयाचा मान तर पैगंबरांनीही राखला, मग मी कोण? आधीच पोरीच्या पायगुणावर बोट ठेवलंय, त्यात बापाची जीभही सैल निघाली म्हणतील.

त्यावर अंबर बोलली. हळूच, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाबा, मान लग्नात द्या. आत्ता तो तुमच्या आवाजाची वाट बघतोय."

एश्मत-अका परत पट्टीपाशी गेले. मैदान गप्प झालं. लांब टोकाला मिरवली उभा, डोळ्यांवर पट्टी, मान किंचित तिरकी करून कान देऊन. एश्मत-अकांनी हात वर केले, तोंड उघडलं, "या..." म्हणाले आणि थांबले.  एकदा त्यांनी सालिहा-खालाकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि असा आवाज काढला की कबुतरं उडाली.

"ये! ये! ये रे गाढवा, ये! ये! ये!"

मिरवलीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. आख्खा महिना मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. पाय सुटले ते एकेका हाकेवर एकेक, टाळीवर टाळी. पट्टीवर पाय पडला, आणि तो उडाला. हवेत इतका वेळ राहिला की मला वाटलं, उतरायचं विसरला. वाळू उसळली. पांढरा झेंडा.

ओराझच्या उडीपेक्षा वीतभर पुढे. ओराझने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला की यापुढे आपण आपलं तोंड सॉसेज खायलाच वापरायचं.

पण मैदानात अजून कुणी टाळी वाजवली नव्हती. कारण सालिहा-खाला उठून उभी राहिली होती. त्या शांततेत 'गाढवा' हा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता. एश्मत-अका छातीवर हात ठेवून, मान खाली घालून उभे. अंबरने कठडा घट्ट धरला होता.

"याने माझ्या मुलाला गाढव म्हटलं?" सालिहा-खालाने विचारलं.

वाळूत बसल्या बसल्या मिरवली ओरडला, "हो आई. किती दिवसांनी म्हणाले."

त्या माउलीने मुलाकडे पाहिलं. तो वाळू झटकत लहान मुलासारखा हसत होता. तिने पुन्हा एकदा रुमाल नीट केला. मग एश्मत-अकांना म्हणाली, "व्याहीबुवा, लग्नाच्या दिवशीही दारात उभं राहून असंच बोलवा. 'यावं' म्हणालात, तर माझा मुलगा शेजारच्या घरात शिरायचा."

सगळं मैदान खो खो हसलं. तिने मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. ती खाली बसली, कठड्याकडे वळली, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"आणि तू काय तिथे लांब उभी?" ती अंबरला म्हणाली. "ये."