लटारीभाऊंच्या वाचनालयातले मेलेले

लटारीभाऊंच्या वाचनालयात कोणी मेलेलं राहत नसे. पहिल्याच प्रकरणात ज्याचा गळा आवळला गेला, तो मध्यावर दार ठोठावत परत येई आणि शेवटाकडे अग्निबाणात बसून शुक्राच्या दिशेने निघून जाई. गाव म्हणायचं, काय डोकं आहे लटारीभाऊचं. मी मान डोलवायचो. आज पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच सांगतो आहे, माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही: ती सगळी प्रेतं मी उठवलेली आहेत.

सिंदेवाहीच्या अलीकडे, छोट्या गाडीच्या रुळांलगत ते गाव. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर, नोकरी अजून कच्ची. धानाच्या गिरणीला चिकटून एक खोली होती, खोलीत सार्वजनिक वाचनालय आणि वाचनालयात लटारीभाऊ. अंगाने काटकुळे. लोक कानावर बिडी ठेवतात, हे दाभण ठेवत. ग्रंथपाल तेच, झाडूवाले तेच आणि पुस्तकं बांधणारेही तेच. पुस्तकांविषयी ते घरच्या माणसांसारखं बोलत. "या हेराची पाठ दुखून राह्यली, पुढच्या बाजारी या." "हा भूतवाला घेऊन जा, पन चुलीजवळ नका ठेवजा, आधीच घाबरट हाय." आणि दिवसातून दहादा एक वाक्य: "वाया नाई जाऊ द्यायचं."

वाचनालयात थोरामोठ्यांची चरित्रंही होती. ती कोणी नेत नसे. माणसं यायची ती तीन कपाटांसाठी. एकात गुप्तहेर, दुसऱ्यात भुतं, तिसऱ्यात चंद्र, मंगळ आणि वेडे शास्त्रज्ञ. नागपूरच्या कोण्या गृहस्थाने मरताना ही सगळी संपत्ती गावाला दिली होती. शाळेत मुलांच्या दप्तरांतून असली पुस्तकं जप्त करणारा मीच, आणि ती परत द्यायला जातो असं सांगून तिथेच तास तास उभ्याने वाचणाराही मीच.

एका उन्हाळ्यात मी सुट्टीवर गेलो आणि परत आलो तो वाचनालयाच्या दारात लटारीभाऊ डोकं धरून बसलेले. आत वाळवी लागली होती. तिकडे तिला उधई म्हणतात. भली चोखंदळ उधई. चरित्रांना तिने तोंडही लावलं नव्हतं. हेरांच्या कादंबऱ्यांचे शेवट खाल्ले होते, भुतांचे शेंडाबुडखा दोन्ही, आणि ग्रहांवरच्या कथांच्या सुरुवाती.

"हिलेबी खुनी कोन ते पाह्यचं होतं," लटारीभाऊ म्हणाले.

आठवड्याने ते माझ्या खोलीवर आले. हातात एक नवं कोरं बांधलेलं पुस्तक. पुढे हेर, मधे भूत, मागे अग्निबाण. खळीचा वास येत होता.

"मास्तर, एक जोड पायजे."

"कसला जोड?"

"इथी एक पान कोरं ठेवलं, अन् इथी एक. हे याले जुळलं पायजे. तुमी व्याकरन शिकवता ना?"

मी हसलो आणि पुस्तक उघडलं. रावबहादुरांचा खून झालेला. हेराने बोट उचललं आहे, "खुनी याच खोलीत आहे," आणि पुढे कोरं पान. त्यापुढे एकदम, पिंपळावरून उतरणारी हडळ, तिचे पाय उलटे. पुन्हा कोरं पान. मग यानाचं दार बंद होतं आणि यान शुक्राकडे झेपावतं. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि माझे कान तापले. इतका आनंद मला त्याआधी कशाने झाला नव्हता. खुनी खोलीतच होता, पण वरच्या बाजूला, आढ्याला पाय लावून. ती हडळ मुळी हडळ नव्हतीच. शुक्रावर लोक पुढे जायला मागे चालतात, म्हणून तिचे पाय तसे. तिने रावबहादुरांना मारलं नव्हतं, प्रवासासाठी त्यांचा श्वास तेवढा काढून घेतला होता. दोन्ही पानं मी एका बैठकीत लिहिली.

लटारीभाऊंनी ती ओठ हलवत वाचली. "झ्याक. पन रावबहादूर उठला अन् काईच बोलला नाई?"

"काय बोलणार?"

"म्हनू द्या त्याले, मले भूक लागली."

"लटारीभाऊ, तो रावबहादूर पुण्याचा आहे. तो 'मले' कसं म्हणेल?"

"मरनातून वापस आला. इतक्या दूर जाऊन इथी उतरला, तर इथलंच बोलन."

मी ते वाक्य घातलं. मग माझी पानं त्यांनी स्वतःच्या ढोबळ अक्षरात उतरवली आणि माझी चुलीत टाकली. "तुमची नोकरी कच्ची हाय," इतकंच बोलले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी दुसरा शब्द वापरत नाही, ती साथ होती. बाजाराच्या दिवशी कुरखेड्याकडून धान घेऊन आलेले लोक बैल सोडले की थेट वाचनालयाच्या ओट्यावर. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मधे गिरणी सुरू झाली की सगळे मिळून गिरणीला शिव्या द्यायचे. प्रेत उठायची वेळ आली की वाचणारा मुद्दाम थांबे, आणि अख्खा ओटा एका सुरात म्हणे, "मले भूक लागली." जंगलातल्या गावचे एक म्हातारे फक्त यासाठी येत. त्यांनी एकदा विचारलं, शुक्रावर मोहाचं झाड आहे का? पुढच्या जोडात मी मोहाचं रानच लावून दिलं. मी ओट्याच्या कडेला उभा राहून आकाशाकडे पाहत असे. गिरणीवरची बाजाबाई, जी लटारीभाऊंना दोन वेळची भाकर करून देई, मला टोमणा मारायची, "मास्तर, तुमी नाई वाचत काऊन? भेव लागते का?"

लटारीभाऊंचं भुकेचं वेड मात्र सुटलं नाही. मी म्हणालो, निदान एखाद्याला तहान लागू द्या. नाही. एकदा एक शास्त्रज्ञ नुसता मेंदू म्हणून काचेच्या बरणीत परततो. "याला तोंड नाही, लटारीभाऊ." ते दाभण कानावर नीट खोचू लागले. मग म्हणाले, "मंग बरनीवर बोटानं लिहू द्या."

"त्याला बोटंही नाहीत."

"मास्तर, तुमी त्याले चंद्रावरून आनला. एक बोट नाई आनता येत?"

रशियाचा गोळा आकाशात फिरू लागला त्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचं पुस्तक आणलं. यात पहिल्याच प्रकरणात एक लहान मुलगी तापाने जाते, आणि तिला विष दिलं होतं की काय असा हेराला संशय येतो. लटारीभाऊंनी नेहमीसारखं पुस्तक टाकलं नाही, दोन्ही हातांनी ठेवलं. "हिचा जोड दमानं लिहिजा. घाई नाई." मी म्हणालो, रविवारी देतो.

रविवारच्या आधी चांद्याहून साहेब आले. वाचनालयाला सरकारी मदत मिळायची होती, त्यासाठी तपासणी. विश्रामगृहात वाचायला म्हणून त्यांनी रावबहादुरांचं पुस्तक नेलं, आणि दुसऱ्या सकाळी डोळे तांबारलेले, पुस्तक हातात, थेट वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत आले. गिरणीमालक अध्यक्ष, मी चिटणीस. लटारीभाऊ दाराशी उभे.

"ही पानं कोणी लिहिली?"

"म्या," लटारीभाऊ म्हणाले.

"सुचलं कसं तुम्हाला?"

"उधईनं सुचवलं, साहेब."

कोणी हसलं नाही. सार्वजनिक पुस्तकांत ढवळाढवळ, लोकांची दिशाभूल, मदत मिळणार नाही, असं बरंच झालं. मग साहेब आवाज खाली करून म्हणाले, "तो रावबहादूर दार ठोठावतो ना, तिथे मला घाम फुटला हो. असो." आणि मी बोलणार होतो. खरं सांगायचं तर पश्चात्तापाने नाही, अभिमानाने. ते मी लिहिलंय, साहेब, एवढं ओठांवर आलं होतं. मी लटारीभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, नाही अशी. मी ती मान पाहिली आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला आजवर लाज वाटते आहे.

त्यांना काढल्याचा ठराव मीच लिहिला. शुद्ध, वळणदार अक्षरात.

ते कुरखेड्याला भावाकडे गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. शाळा होती, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या बाजारी ओट्यावर लोक आले, जोडांची पुस्तकं कपाटबंद झालेली, म्हणून चरित्रं चाळून गेले. बाजाबाई वाचनालयाची खोली सारवत होती. मला पाहून हात न थांबवता म्हणाली, "भाऊ तुमच्यासाठी निरोप ठेवून गेले."

"काय?"

"त्या पोट्टीचं राह्यलं म्हने."

मग तिनेच सांगितलं. लटारीभाऊंना एक मुलगी होती. आई बाळंतपणातच गेलेली. मुलीला ताप आला, हात लावला तर भाजेल असा. लटारीभाऊ उशाशी पेज घेऊन बसले. पेज निवली की पुन्हा ऊन करायची, पुन्हा बसायचं. मधेमधे विचारायचं, भूक लागली का, बाई?

"शेवटपावतर म्हनली नाई थे," बाजाबाई म्हणाली, आणि शेणाचा हात पुढे सरकवत राहिली.

लटारीभाऊ कुरखेड्यालाच वारल्याचं मला उशिरा कळलं. ते पुस्तक माझ्याकडेच राहिलं, मुलीच्या मरणापुढे एक पान कोरं. बदल्या होत गेल्या, ते माझ्याबरोबर आलं. मी पुष्कळदा लिहायला बसतो. मुलगी उठते, अंथरुणाची घडी घालते, उन्हात डोळे किलकिले करत दारापर्यंत येते. चुलीवर पेज उकळते आहे. तिथे माझा हात थांबतो, कारण पुढचं वाक्य लिहायला ज्याने सांगितलं, त्याचं नाव मी बैठकीत वाचवलं नव्हतं.

त्या पुस्तकांतले जोड माझे होते, लटारीभाऊंचे नव्हते. हे आता सांगून झालं. त्या मुलीचं एक पान अजून बाकी आहे, आणि ते मी त्यांचं देणं लागतो.