केशवरावांचं थरथरतं टेबल

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा आणि नीट ऐका. एका जंगलात, म्हणजे रोज सहा तास वीज येणाऱ्या चांगल्या सुधारलेल्या जंगलात, केशवराव अस्वल राहायचे. मध काढणं सोडून त्यांनी गुहेत स्टुडिओ थाटला होता. सागाचं टेबल, त्यावर दोन मोठे स्पीकर. बारशापासून वरातीपर्यंत सगळ्यांची गाणी ते तिथे बनवायचे.

या जंगलात गाणं पारखायची एक रीत होती. गिऱ्हाईक टेबलाशी बसायचं, समोर चहा ठेवायचं आणि गाणं लावायला सांगायचं. चहा सांडला की गाणं पास!

आणि चहा नेहमी सांडायचा, कारण स्पीकर वाजले की टेबल थरथरायचं. नुसतं थरथरायचं नाही, ढोलासारखं घुमायचं. केशवरावांना वाटायचं, गाण्यात ढोल फारच झाला. ते तो कमी करायचे. मग मैदानात गाणं वाजलं की ढोल गायब! रानडुकरांच्या वरातीत एकानेही पाय उचलला नाही. वऱ्हाडी शोकसभेला आल्यासारखे उभे राहिले. नवरदेव तर रडलाच बिचारा.

अशात सिंहमहाराजांचा निरोप आला. "आमच्या लेकीच्या वरातीचं गाणं तुम्ही करायचं. परवा ऐकायला येतो. वऱ्हाड नाचलं पाहिजे. नाहीतर गुहा रिकामी करा. तरसाला तिथे लाँड्री काढायची आहे."

 त्या गुहेवर केशवरावांचा फार जीव होता.

ते धावत उंटाकडे गेले. उंट शहरातल्या सर्कशीत चार महिने राहून आला होता, म्हणून जंगलातला तज्ज्ञ होता.

"टेबल बोलतंय तुमचं," उंट डोळे मिटून म्हणाला. "स्पीकरला परदेशी स्टँड मागवा. त्याखाली परदेशी गाद्या."

"पण माझी तेवढी ऐपत कुठाय?"

"मग कलेच्या नादाला लागलात कशाला?"

केशवराव तोंड पाडून परतले. दारात साळूबाई साळिंदर किटली घेऊन उभी होती. स्टुडिओत चहा तीच आणायची.

"दादा, तुमच्या टेबलावरून माझे पेले चालत चालत खाली पडतात. सात फुटले! आता मी किटलीखाली जुन्या चपलेचा तुकडा ठेवते. जागची हलत नाही बघा. तुमच्या त्या खोक्यांखाली ठेवून बघा की."

केशवराव हसले. मग हसायचे थांबले.

सहलीला येणारी माणसं नदीकाठी रबरी चपला विसरून जायची. दोघांनी ढीगभर गोळा केल्या. जाड जाड टाचा कापल्या. चार टाचांवर एक फरशी, फरशीवर स्पीकर. स्पीकर भिंतीपासून जरा पुढेही ओढले.

गाणं लावलं. टेबल गप्प!

"अरे देवा," केशवराव म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी टेबलाचाच ढोल कमी करत होतो!" त्यांना आनंदाने रडू आलं. दिवसभर बसून त्यांनी गाणं नव्याने बांधलं. बाहेर अंगणात लावून पाहिलं, तर साळूबाई किटली खाली ठेवून अशी नाचली की चार काटे गळाले.

ठरल्या दिवशी महाराज आले. सोबत उंट आणि तरस. चहा ठेवला. गाणं लागलं. महाराज पेल्याकडे बघत राहिले. चहा हलेना.

"गाण्यात दम नाही," महाराज गुरगुरले.

"अजिबात नाही," उंट म्हणाला. तरस इस्त्रीचं टेबल कुठे मांडायचं ते बघू लागला.

 इतक्यात साळूबाईने केशवरावांना हळूच एक काटा टोचला आणि डोळ्यांनी चपलांकडे खुणावलं.

"महाराज, दम भरायचा राहिलाच होता. जरा बाहेर थांबता?" केशवरावांनी टाचा उपसल्या, फरश्या काढल्या, स्पीकर टेबलावर ठेवले. साळूबाईने पेला काठोकाठ भरला. महाराज येऊन बसले. तेच गाणं पुन्हा लागलं.

टेबल थरथरलं. अर्धा चहा महाराजांच्या मांडीवर!

"वा! आता कसं!" महाराज चटका विसरून ओरडले.

वरातीत ढोल असा घुमला की हत्तीसुद्धा नाचले. गुहा वाचली. तरसाने झाडाखालीच लाँड्री काढली. पहिल्याच दिवशी महाराजांचं चहाने भिजलेलं धोतर आलं, म्हणून तोही खूश. मार्गदर्शनाबद्दल उंटाचा जाहीर सत्कार झाला.

केशवराव आजही चपलांवर काम करतात. गिऱ्हाईक दिसलं की चपला काढून ठेवतात.

तात्पर्य : काम करताना टेबल मुळीच हलू देऊ नये. काम दाखवताना मात्र ते जरूर हलवावं, आणि चहा काठोकाठ भरावा.