सेन्सर कुठे हवा?

गाडी थोडी आळसावली होती, एवढंच. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर विचार करायची आणि मग निघायची. सकाळी मीही असाच उठतो, पण म्हणून मला अजून कोणी उघडून बघितलेलं नाही. (बायकोने तशी धमकी दिलेली आहे.)

पण गाडी बायकोची होती. तिच्या पगारातून घेतलेली, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली. आणि सोमवारी तिची मुलाखत होती. पाणी तपासणाऱ्या ज्या प्रयोगशाळेत ती इतकी वर्षं राबली, तिथल्या प्रमुखाच्या जागेसाठी. दोनदा तिला डावलून बाहेरचा माणूस आणून बसवला होता. आता नाही तर कधीच नाही, असं ती तोंडाने म्हणत नव्हती, पण भांडी आपटण्यातून ते ऐकू येत होतं.

अशा वेळी नवऱ्याने गप्प बसावं. मी मदत करायचं ठरवलं.

इंटरनेटवर एक दाढीवाला तज्ज्ञ भेटला. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक सेन्सर असतो. त्याची जागा बदलून तो इंजिनाजवळ नेला की पिकअप सुधारतो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. (त्यासाठी कॉम्प्युटर लावून गाडी नव्याने ट्यून करावी लागते, हेही सांगितलं होतं म्हणे. मी जाहिरात वगळली, तिच्याबरोबर तेही वगळलं गेलं.)

तरी खबरदारी म्हणून मेव्हण्याला विचारायचं ठरवलं. त्याचं गॅरेज आहे. तो मला ‘भाऊजी’ म्हणतो, पण ‘पंक्चर’ म्हणावं तशा सुरात. म्हणून फोन बायकोला करायला लावला. मी रविवारच्या उन्हात बॉनेटखाली वाकलो होतो.

“सेन्सर कुठे ते विचार गं!”

“दादा म्हणतोय, टर्बोच्या आधी हवा!” ती खिडकीतून ओरडली.

“ते शेंबड्या पोरालाही कळतं! आधी हवा, मग टर्बो. नंतरचं काय?”

ती फोनवर पुटपुटली. “नंतर अजिबात नको म्हणतोय!”

म्हणजे टर्बोनंतर हवा सुटायला नको. घट्ट बसवायचं! मेव्हण्याबद्दल प्रथमच आदर वाटला. मी सेन्सर काढला आणि टर्बोनंतरच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बसवला. वायर तोकडी पडली, तिला दाराच्या बेलची वायर जोडली. पाइप आवळायला एक क्लिप कमी पडली, ती वॉशिंग मशीनच्या पाइपाची काढून आणली. मशीन काय, परत जोडता येईल.

सोमवारी बायको इस्त्रीच्या कपड्यांत गाडीत बसली. कौतुक ऐकायला मी शेजारी बसलो. गाडी खोकत खोकत चौकापर्यंत आली. सिग्नल सुटला, बायकोने ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखाली ‘फट्ट’ असा आवाज झाला. गाडी रस्त्याच्या मधोमध मेली.

मागे हॉर्न सुरू झाले. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. धरणीने दुभंगून मला पोटात घ्यायला हवं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून, आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई.

“जावईबापू, मी मशीन लावलं होतं. स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालंय. माझी चप्पल तरंगत दाराकडे निघालीय. पकडू की जाऊ देऊ?”

“जाऊ द्या,” मी म्हणालो.

बायकोने बोलावल्यावर मेव्हणा मोटरसायकल दामटत आला. बॉनेट उघडून त्याने कपाळावर हात मारला.

“भाऊजी, आधी हवा म्हणालो होतो ना?”

“मग? आधी हवाच आहे की!”

“अहो, ती हवा नाही! सेन्सर हवा!”

“सेन्सर म्हणजे हवा?”

“सेन्सर आधी हवा! पाहिजे, पाहिजे!”

“मग पाहिजे म्हणायचं ना!”

“तुमचं हे नंतर मिटवा,” बायको खाली उतरत म्हणाली. “दादा, मला आधी सोड.” मोटरसायकलवर बसून ती गेली. मी एकटा गाडी ढकलत राहिलो. लोक खिडकीच्या काचा खाली करून सल्ले देत होते.

ती जागा तिला मिळाली. “संकटात डोकं शांत ठेवता येतं का?” असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. तिने फक्त उशीर का झाला ते सांगितलं. पुढचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

संध्याकाळी गॅरेजमध्ये मेव्हणा मला समजावत होता, “आधी फिल्टर, मग सेन्सर, मग टर्बो. लक्षात राहील?” बायको शेजारी उभी होती. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी धीर करून विचारलं, “आणि मी गं? मी कुठे हवा?”

“फिल्टरच्याही आधी,” ती म्हणाली.

मला भरून आलं. एवढं करूनही पहिला नंबर माझाच! डोळे पुसून मी फिल्टरचं झाकण उघडलं आणि त्याच्या आधी काय असतं ते वाकून बघितलं. तिथे थोडी धूळ, एक वाळकं पान आणि एक मेलेली माशी होती.